सागर किनाऱ्यावर पाच मुंडकी

बालाघाटला समुद्र आणण्याचं श्रेय डोमाजीचं. त्याआधी समुद्र मुंबईच्या पुढे सरकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

डोमाजी आठ वर्षं मुंबईत समुद्राकाठच्या एका मच्छीच्या हॉटेलात वाढपी होता. सदुसष्ट साली तो गावी परतला तो एक ट्रंक, दोन पांढऱ्या पँटी आणि मुंबईबद्दलची न संपणारी माहिती घेऊन. वैनगंगेच्या काठावर त्यानं कुडाची एक खोली उभी केली, पुढे मांडव घातला, आणि वर पाटी लावली – 'सागर किनारा मच्छी भोजनालय'. पाटी रंगवणाऱ्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. त्यामुळे लाटा नांगरलेल्या वावरासारख्या आल्या, आणि जहाजाला त्यानं खबरदारी म्हणून चाकंही काढली. उन्हाळ्यात या समुद्राला ओहोटी लागे, ती पाऊस येईपर्यंत हटत नसे. भर समुद्रात म्हशी उभ्या असत आणि पाणी त्यांच्या गुडघ्यांपर्यंतही पोचत नसे. पण खुर्च्या मात्र सगळ्या नदीकडे तोंड करून मांडलेल्या. का, असं विचारलं तर डोमाजी म्हणे, "मुंबईले अशाच असतेत, गुरुजी."

सुरुवातीला त्यानं खरोखरच समुद्राची मच्छी मागवून पाहिली होती. बर्फात घालून मुंबईहून गोंदियापर्यंत, आणि गोंदियाहून आमच्या छोट्या लाइनच्या गाडीनं. ही गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबून पुढे जावं की नाही याचा नीट विचार करते. पापलेटं बालाघाटला पोचायच्या दोन स्टेशनं आधीच आख्खा डबा रिकामा झाला होता म्हणतात. त्या दिवसापासून सागर किनाऱ्यावर वैनगंगेचीच रोहू मिळू लागली. मात्र पद्धत मुंबईची. म्हणजे काय, तर तुकडे करायचे नाहीत. हातभर लांबीची मोठी रोहू घ्यायची नाही, वीतभराची लहान घ्यायची. तिला मसाला चोपडून, रव्यात घोळवून आख्खीच्या आख्खी तळायची आणि एकेका माणसापुढे एकेक ठेवायची.

"ज्याची प्लेट त्याची मच्छी," डोमाजी अभिमानानं सांगे. "मुंडक्यासकट."

ही गोष्ट आमच्या गावात किती भयंकर आहे, हे बिचाऱ्याला कळलं नव्हतं. आठ वर्षांत माणूस आपलं घर विसरतो.

आमच्याकडे घरात मासळी शिजते ती एक. मोठी. तिचे तुकडे होतात आणि मुंडकं एकच असतं. ते कुणाच्या ताटात जाणार, यावरून त्या घरात कोण कोण आहे ते कळतं. जावई आला असेल तर जावयाच्या, पाहुणा असेल तर पाहुण्याच्या, कुणीच नसेल तर घरातल्या कर्त्या पुरुषाच्या. शेपटीकडचे काट्यांचे तुकडे बायकांचे. आमच्या आईला मुंडकं आवडत नसे. माझ्या आजीलाही आवडत नसे. आत्याला, काकूला, शेजारच्या गोदाबाईला, कुणालाच आवडत नसे. आख्ख्या जिल्ह्यातल्या बायकांची एखाद्या पदार्थाबद्दल अशी एकमतानं नावड असावी, याचं लहानपणी मला फार नवल वाटे.

आता माझ्या बहिणीची गोष्ट. पुष्पलता माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आईवडील गेल्यावर तिला मीच सांभाळलं. ती उकव्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. एकोणसत्तर साली ती सव्वीस वर्षांची झाली होती, आणि तीन ठिकाणांहून 'मुलगी फार बोलते' असा निरोप येऊन चुकला होता. चौथ्या ठिकाणी तिनं स्वतःच बोलणं केलं. पुनाराम नावाचा एक तरुण उकव्याच्या खाणीत टाइमकीपर होता. तो एकदा बोटाला टाके घालायला दवाखान्यात आला. मग टाके काढायला आला. मग त्याला खोकला झाला, आणि तो खोकला सव्वा वर्ष टिकला. इतका चिवट आणि इतका आनंदी खोकला मी दुसरा पाहिला नाही. शेवटी पुष्पलतानंच मला सांगितलं, "दादा, मले हाच पोरगा पाह्यजे. तू त्याच्या बाबाशी बोल."

तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. म्हणून मी बोललो.

पुनारामचे वडील चैतरामजी लामत्याला राहत. त्यांना आमच्या समाजात कोण ओळखत नव्हतं? छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेल्यांत आपण होतो, हे ते दर चौथ्या वाक्याला सांगत. त्यांची भाषणं होत. समतेवर तर ते असं बोलत की ऐकणाऱ्या बायकांचे डोळे भरून येत, आणि मग त्या बायका उठून मंडळींसाठी चहा करायला जात. "जुन्या रूढी वैनगंगेत बुडवा!" हे त्यांचं वाक्य मी स्वतः तीन वेळा ऐकलंय आणि तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्यात. माझे वडीलही नागपूरच्या त्या मैदानात होते. त्यांना भाषण करता येत नसे. ते परत आले, सातवीनंतर घरी बसवलेल्या पुष्पलताला हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं, आणि त्या विषयावर पुढं कधी बोलले नाहीत.

चैतरामजींनी मुलगी पाहायला घरी येण्याचं साफ नाकारलं. "मुलीनं मान खाली घालून पोह्यांच्या बशा आणायच्या आणि आपण तिला न्याहाळायचं? ही गुलामगिरी आहे, गुरुजी! आपण सारे एका टेबलाशी बसू. बरोबरीनं जेवू." मला गहिवरून आलं. एका टेबलाशी बसायचं तर टेबल पाहिजे, आणि टेबल गावात डोमाजीकडे. चैत्रातल्या एका रविवारी दुपारी आम्ही पाच जण सागर किनाऱ्यावर दाखल झालो. मी, पुष्पलता, पुनाराम, चैतरामजी, आणि त्यांच्या चार पावलं मागून त्यांची बायको चंपाबाई.

चंपाबाई बारीक चणीच्या, नाकात चमकी, पदर डोक्यावरून गच्च. त्यांनी खुर्चीवर बसताना खुर्चीचा फक्त पुढचा काठ वापरला. बाकीची खुर्ची जणू दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवली होती. पुष्पलता त्यांच्या शेजारी बसली. पुनाराम समोर बसला आणि हळूच खोकला. पुष्पलता हसली. एवढं मी पाहिलं आणि मनात म्हटलं, जमलं.

मच्छी तळली जाईपर्यंत चैतरामजी बोलले. समोर नदीत धोबी कपडे आपटत होते. डोमाजी मधूनच येऊन, "लाटा ऐका, सायेब," असं सांगून जाई. चैतरामजी लाटा ऐकत नव्हते, ते स्वतःला ऐकत होते. हुंडा त्यांना नको होता. मानपान नको होतं. आहेर नको होता. सून नोकरी करणार, खुशाल करो. एकेक गोष्ट नाकारताना ते थांबून माझ्याकडे पाहत, आणि मी मान हलवून कृतज्ञता दाखवी. माझी मान दुखायला लागली.

"माणसाची किंमत माणूस म्हणून," ते म्हणाले. "कोणी वर नाही, कोणी खाली नाही."

तेवढ्यात डोमाजीनं पाच प्लेटी आणून ठेवल्या.

पाच प्लेटी, पाच रोहू. सगळ्या एकाच मापाच्या, तांबूस तळलेल्या, बाजूला लिंबाची फोड आणि कांदा. आणि पाची मुंडकी नदीकडे तोंड करून ठेवलेली. कारण मुंबईले अशीच असतेत.

चैतरामजी बोलता बोलता थांबले. त्यांनी आपल्या प्लेटीकडे पाहिलं. मग माझ्या. मग मुलाच्या. मग चंपाबाईंच्या, आणि शेवटी पुष्पलताच्या. ते काय पाहत होते हे मला लगेच कळलं, कारण मीही तशाच घरात वाढलो होतो. डोमाजीला मात्र वाटलं, सायेब खूश झाले.

"डोमाजी," ते म्हणाले, "हे मुंडकं कोणाचं?"

"कोणतं, सायेब?"

"बाईच्या प्लेटीतलं."

"बाईचंच," डोमाजी म्हणाला. "ज्याची प्लेट त्याची मच्छी."

"आणि ह्या पोरीच्या?"

"पोरीचं."

"मंग माह्यं कोणतं?"

"तुमच्या प्लेटीत हाये ना, सायेब. हे काय."

चैतरामजी पुस्तकी मराठीतून खाली उतरले होते, हे माझ्या लक्षात आलं. भाषण संपलं की माणूस घरची भाषा बोलतो. त्यांच्या प्लेटीत मुंडकं होतं, नव्हतं असं नाही. पण सगळ्यांनाच असेल तर ते असून काय उपयोग? ज्या माणसानं हयातभर 'कोणी वर नाही, कोणी खाली नाही' असं सांगितलं, त्याच्यापुढे कुणीतरी प्रथमच ते तळून ठेवलं होतं.

पण चैतरामजी शहाणे होते. ते हसले. "ठीक आहे. हॉटेलवाल्याले काय समजते. आपण घरचे माणसं, आपण घरच्यासारखं करू."

त्यांचं वाक्य संपण्याआधीच चंपाबाईंचा हात हलला होता. त्यांनी आपल्या रोहूचं मुंडकं दोन बोटांनी अलगद मोडलं आणि न बघता नवऱ्याच्या प्लेटीत ठेवलं. रव्याचा कणही सांडला नाही. तीस वर्षांचा सराव होता.

आणि मग मी. मला कुणी मागितलं नव्हतं. कुणी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. पण मुलीकडचा माणूस म्हणजे असा की समोरच्यानं शिंकण्याआधीच रुमाल काढतो. मी माझ्या रोहूचं मुंडकं मोडलं, थोडा ओणवा झालो, आणि "घ्या, चैतरामजी, तुमचाच मान" असं म्हणून त्यांच्या प्लेटीत ठेवलं. वर हसलोही. ते हसणं मला आजही आठवतं, आणि त्या माणसाच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

पुनारामनं वडिलांकडे पाहिलं, पुष्पलताकडे पाहिलं, आणि मग दोघांकडेही पाहणं टाळून आपलंही मुंडकं दिलं.

आता चैतरामजींच्या प्लेटीत चार मुंडकी झाली. एवढी मुंडकी त्यांना खाववणार नव्हती, हे उघड होतं. पण मानाला पोट कुठं असतं. त्यांनी प्लेट बोटभर पुष्पलताच्या दिशेनं सरकवली. पोह्यांच्या बशांची गुलामगिरी आम्ही बुडवलीच होती. ही फक्त एक प्लेट होती.

सगळे पुष्पलताकडे पाहत होते. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो. दे बाई. एक मुंडकं ते काय, देऊन टाक. सव्वीस वर्षं, तीन नकार, सव्वा वर्षाचा खोकला, सगळं माझ्या डोळ्यांत असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पुनारामकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. तो लिंबाची फोड पिळत होता. त्या फोडीत काही उरलं नव्हतं, तरी पिळत होता.

पुष्पलतानं आपल्या रोहूचं मुंडकं सोडवलं. नर्सचे हात, काम साफ. चैतरामजींचा चेहरा सैल झाला. आणि तिनं ते उचलून चंपाबाईंच्या प्लेटीत ठेवलं.

"घ्या, बाई," ती म्हणाली. "तुमच्या प्लेटीत नाही राह्यलं."

धोबी तेवढे कपडे आपटत होते.

"ते इकडं यायचं होतं," चैतरामजी म्हणाले.

"तुमच्याकडं चार हायेत, बाबूजी," पुष्पलता म्हणाली. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. दवाखान्यात पेशंटला औषधाची वेळ सांगावी तसं सांगितलं.

चैतरामजी बायकोकडे वळले. "चंपा, दे इकडं. तुले आवडत नाही ते."

चंपाबाई प्लेटीतल्या त्या मुंडक्याकडे पाहत होत्या. त्यांनी ते उचललं. मला वाटलं, झालं, आता ते पाचवं पलीकडे जाणार. पण त्यांनी ते दोन्ही हातांनी फोडलं, गालफडाचा मऊ तुकडा काढला, तोंडात घातला, आणि डोळे मिटले.

"आवडते मले," त्या म्हणाल्या. "कोणी इचारलं नाही."

चैतरामजी उभे राहिले. खुर्ची मागच्या मागे रेतीत पडली. त्यानंतर ते जे बोलले त्यात मराठी किती आणि हिंदी किती, हे सांगणं कठीण. "ये क्या तमाशा है? चार लोकांत इज्जत काढून राह्यली हे पोरगी! आतापासून असं, तं घरात आल्यावर काय करन? आम्हाले नाही करायचं हे लगन. चल, पुना. चल वं चंपा." समता, गुलामगिरी, छप्पन साल, यांतलं काहीच त्यांना या वेळी आठवलं नाही.

पुनाराम उठला. मला अजूनही सांगता येत नाही की तो विचार करून उठला, की बापानं 'चल' म्हटल्यावर पाय आपोआप उठतात तसा उठला. तो उभा, पुष्पलता बसलेली. ती त्याच्याकडे पाहत म्हणाली, "तुम्ही जेवले नाही अजून."

"पुष्पा, मैं आता हूँ ना," तो म्हणाला. "बाबाले बसस्टँडवर पोचवून येतो. बस, दस मिनिट."

बसस्टँड तिथून दहा मिनिटांवरच होतं. तो अजून पोचवतोच आहे.

चंपाबाई मात्र उठल्या नाहीत. मांडवाबाहेर जाऊन चैतरामजींनी दोनदा हाक मारली, तरी त्या उठल्या नाहीत. आता त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या, पूर्ण खुर्ची वापरून. सावकाश, काटा न् काटा चोखत, त्यांनी ते मुंडकं संपवलं. डोळे, गाल, टाळूतलं ते चवदार, सगळं. पुष्पलता शेजारी बसून होती. तिनं मध्ये एकदा त्यांच्याकडे लिंबाची फोड सरकवली. मी दोघींसमोर बसून होतो आणि माझ्यासमोर मुंडकं नसलेली रोहू होती.

मला वाटत होतं, ही बाई आता उठेल, नवऱ्याला जाऊन सांगेल, मुलाला परत आणेल. कुणीतरी काहीतरी करेल. माझ्यासारख्यांचा भरवसा नेहमी दुसऱ्यांवर असतो. चंपाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि पुष्पलताच्या गालावरून आपला ओला हात फिरवला.

"तुले सून करून न्यावं असं लय वाटते मले," त्या म्हणाल्या. "घरात कोणी तं असन, मह्या ताटाकडं पाहणारं. पण नोको येऊ, पोरी. तो वाईट नाही, माहा पोरगा. पण तो उठला. पाह्यलं ना तू? मह्या लगनाच्या दिवशी त्याचा बाप बी असाच उठलता, त्याच्या बापानं हाक देल्यावर. तेव्हा मले कोणी सांगतलं नाही."

"मंग तुम्ही काहून चालल्या?" पुष्पलतानं विचारलं.

"मी तं गेलतो ना कवाची," चंपाबाई म्हणाल्या. "तू नाही गेली अजून."

त्यांनी पदर नीट केला, डोक्यावरून घेतला, आणि बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या. नवऱ्यापासून चार पावलं मागं राहायला त्यांना आज फार घाई करावी लागणार होती. तो रागानं झपाझप पुढे गेला होता.

डोमाजी हात चोळत आला. "गुरुजी, मच्छीत काही खराबी निघाली का?" मी म्हटलं, नाही, मच्छी चांगली होती. तो पाच प्लेटी उचलायला लागला. चैतरामजींच्या प्लेटीतली चारही मुंडकी तशीच होती, एकालाही हात लावलेला नव्हता. पुष्पलतानं आपल्या प्लेटीवर हात ठेवला. "राहू दे," ती म्हणाली. "मी जेवतो." आणि गार झालेली ती रोहू तिनं शेवटपर्यंत खाल्ली, घास घास, एकदाही मांडवाबाहेर न पाहता. मला वाटलं, माझी बहीण दगड आहे.

घरी आल्यावर तिनं आतल्या खोलीचं दार लावलं, आणि मग ती रडली. खूप वेळ. मी दारापाशी उभा होतो. एरवी माझ्या जिभेला कुलूप नसतं, हे इथवर वाचणाऱ्याला कळलंच असेल. तेव्हा मात्र मला एक वाक्य सुचलं नाही. तू बरोबर केलंस, एवढंच तिला सांगायचं होतं. पण ज्यानं कुणी न मागता आपलं मुंडकं उचलून दुसऱ्याच्या प्लेटीत ठेवलं, त्यानं ते कोणत्या तोंडानं सांगायचं? मी दारावर हात ठेवला, आणि वाजवलं नाही.